दुसरे तोंड नसलेली दरी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हळूकाका मंगळावरच्या एका दरीच्या तळाशी पोटावर पडून होते. हातात बॅटरी, नाकावर रुमाल आणि कानात स्वतःच्याच छातीचे ठोके. दोन्ही बाजूंना अकरा फुटी तांबूस कडे. वर पाहायचे नाही, हे त्यांनी आत शिरण्याआधीच ठरवले होते. समोर, कडा जिथे जमिनीला टेकतो तिथे, केसाएवढी चीर होती. तिच्यावर बोटभर लांबीची काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके प्लास्टरने चिकटवलेली होती. काल सकाळी त्यांनीच ती लावली होती. आता ती मधोमध तडकलेली होती.

गवंडीकामातली ही जुनी रीत. भिंतीला चीर गेली की ती जुनी आहे की अजून वाढते आहे, हे नुसत्या नजरेला कळत नाही. मग चिरेवर काच चिकटवायची. भिंत गप्प बसली तर काच शाबूत राहते. भिंत किंचित जरी हलली तरी काच आधी फुटते.

ही दुसरी काच होती. पहिली फुटली तेव्हा सफाईवाल्या बाईंच्या पोछ्याचा धक्का लागला असेल, असे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले. "माझा पोछा बरा सापडतो सगळ्यांना," एवढेच त्या म्हणाल्या. म्हणून दुसरी काच काकांनी प्लास्टरच्या एका मोठ्या धोंड्यामागे लावली. तिथे पोछा पोचत नाही, कोणाची चप्पलही पोचत नाही.

ते उलटे सरकत बाहेर आले. मागे वळून चालायला लागायचे, तर क्षणभर का होईना, कड्याकडे पाठ करावी लागली असती.

विज्ञान संग्रहालयाच्या तळमजल्यावर प्रतिकृती विभाग आहे. काका तिथे प्लास्टरचे काम करतात. डोंगर, विवरे, ज्वालामुखी, समुद्राचा तळ, जे सांगतील ते. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने किरकोळ, भुवयांवर कायम पांढरी पूड. कोणी शिडीवर चढले, पेटी उचलली, दार ढकलले, की त्यांच्या तोंडून आपोआप "हळू" निघते. नाव त्यावरून पडले. संग्रहालयाच्या प्रमुख बाईसुद्धा त्यांना हळूकाकाच म्हणतात.

ऐन तरुणपणी ते बांधकामावर गवंडी होते. पायाच्या चरात उतरून काम करत असताना चराची एक बाजू बसली. काका छातीपर्यंत गाडले गेले. त्यांच्या पुढच्या माणसाची फक्त पहार वर राहिली. लोकांनी माती उपसेपर्यंत काका त्या पहारीकडे बघत उभे होते, कारण मान वळवायला जागा नव्हती. कडा कोसळण्याआधी मोठा आवाज होतो असे लोकांना वाटते. तसे होत नाही, असे ते सांगतात. आधी बारीक खडे येतात, वाटाण्याएवढे, चार-पाच. मग थोडा वेळ काहीच नाही. मग सगळे.

त्यानंतर ते कधी चरात उतरले नाहीत. छपराखालचे, टेबलावरचे काम शोधत शोधत इथे आले. टेबलावरची दरी वितीएवढी असते. तिच्यात माणूस पडत नाही.

मंगळावर अशा उभ्या कड्यांच्या दऱ्यांची एक रांगच आहे. सुमारे चार हजार किलोमीटर लांब, काही ठिकाणी सात किलोमीटर खोल. बहुतेक दऱ्या एकमेकींत उघडतात. पण रांगेच्या उत्तरेला एक खळगा सगळ्या बाजूंनी बंद आहे. त्यातले पाणी, बर्फ, दगड, जे काही होते, ते बाहेर कुठून गेले याचा उलगडा अभ्यासकांना अजून नीट झालेला नाही. प्रमुख बाईंना हाच खळगा हवा होता, आणि टेबलावर नको, माणसे आत जाऊन उभी राहतील एवढा हवा होता. एका कड्यात चिंचोळी फट ठेवायची, तिथून आत जायचे, तळाशी उभे राहून मार्गदर्शकाचे बोलणे ऐकायचे आणि त्याच फटीतून बाहेर यायचे.

"दुसरं एक दार ठेवू या, मॅडम," काका तेव्हाच म्हणाले होते.

"मंगळावर आहे का दुसरं दार?"

"मंगळावर माणसं कुठे आहेत, मॅडम?"

सगळे हसले. बाईही हसल्या. दार एकच राहिले.

चूक त्यानंतर झाली, आणि ती काकांचीच होती. डोंगर किंवा दरी खऱ्या मापाने लहान केली तर ती बशीसारखी सपाट दिसते. म्हणून प्रतिकृतीवाले लांबी-रुंदी तशीच ठेवून उंची तेवढी वाढवतात. याला ते उठाव म्हणतात. या विभागात उठाव दुप्पट, हे इतके अंगवळणी पडलेले आहे की कोणी कारण विचारत नाही. या वेळी मात्र नकाशा काढणाऱ्या संशोधकाने उंची आधीच दुप्पट करून दिली होती. सुताराने प्लायवूडच्या फासळ्या कापायला घेताना विचारले, "काका, उठाव?" काका पाण्यात प्लास्टर सोडत होते. ते कालवताना वर बघायचे नसते, गुठळ्या होतात. न बघताच ते म्हणाले, "दुप्पट."

वेल्डरने मात्र लोखंडी सांगाडा थेट नकाशावरून केला होता, साडेपाच फुटांचा. अकरा फुटी फासळ्या त्याच्यावर उभ्या केल्या तेव्हा तो सांगाडा थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखा दिसू लागला. काका फासळ्या पुन्हा कापायला तयार होते. तेवढ्यात प्रमुख बाई खाली आल्या, मान वर करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हेच. असंच पाहिजे. राहू दे." वेल्डरने सांगाड्याला वर जोड दिले. पाय तेच राहिले.

त्या दिवसापासून काकांना धास्ती आहे. पण ती कशाची, हे त्यांचे त्यांनाही नक्की सांगता येत नव्हते. दोन्ही बाजूंना उंच भिंती असल्या की त्यांना गल्लीतसुद्धा दरदरून घाम फुटतो. दोन वर्षांपूर्वी छताला टांगलेला चंद्र आकड्यातून सुटतो आहे असे सांगून त्यांनी एक दालन दिवसभर बंद ठेवायला लावले होते. आकडा ठणठणीत निघाला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असे तेव्हा लेखनिकापासून रखवालदारापर्यंत सगळे म्हणाले. त्यामुळे आता तडकलेल्या काचेचे दोन तुकडे हातरुमालात घेऊन ते कार्यशाळेच्या दारात उभे राहिले, तेव्हा आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्यांना आधीच माहीत होते.

सुतार चहा पीत होता. तिशी ओलांडलेला, अंगाने भरलेला, तोंडाने सैल.

"काय हो काका, आज काय पडणार? चंद्र की सूर्य?"

काकांनी रुमाल उघडून बाकावर ठेवला. सुताराने तुकडे बघितले.

"धोंड्यामागची?"

"धोंड्यामागची."

"उंदीर असेल."

"उंदराने काच फोडली?"

"आता तुम्ही पोछाही मानत नाही, उंदीरही मानत नाही. मग माझ्यासारख्या गरिबानं सांगायचं तरी काय?" तो हसला, पण पेला खाली ठेवला. "काल आत गेलं कोण होतं?"

काल दुपारी मार्गदर्शकांची तालीम झाली होती. आठेक जण आत उभे राहून भाषण पाठ म्हणत होते. आणि पहिली काच फुटली त्या दिवशी दिवे लावणारे सहा-सात जण शिड्या घेऊन आत होते. हे मोठ्याने बोलता बोलता काका मध्येच थांबले. रोज सकाळी ते एकटे आत जात होते. चिरेत बॅटरी मारून बघत होते. रोज सगळे जिथल्या तिथे असे. भिंत हलते, पण आत गर्दी असतानाच.

दोघे मागच्या बाजूने गेले आणि गुडघ्यावर बसून सांगाड्याखाली पाहू लागले. दरीचा तळ म्हणजे हॉलच्या फरशीपासून हातभर वर उचललेली फळ्यांची जमीन, खालून दिव्यांच्या तारा न्यायला. कडा आणि जमीन यांच्यामध्ये सांधा दिसता कामा नये, अशी आज्ञा होती. म्हणून फळ्यांखालचे वासे थेट भिंतीच्या पायांनाच बोल्टने जोडले होते. आत माणसे उभी राहिली की फळ्या मध्ये दबणार. वासे पायांना आत ओढणार. आणि साडेपाच फुटांसाठी केलेल्या त्या पायांवर अकरा फुटांचा कडा उभा होता.

सुताराने एक बोल्ट हलवून बघितला. मग म्हणाला, "दोन्ही बाजूंनी आत येणार. पुस्तक मिटल्यासारखं."

उद्या सकाळी उद्‌घाटन होते. पहिल्या खेपेला शाळेची चाळीस मुले आत जाणार होती.

प्रमुख बाई दहाच्या सुमारास आल्या. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, बोलताना हातातले काम न सोडणाऱ्या. त्यांनी काचेचे तुकडे बघितले, सुताराचे बोलणे ऐकले, मग काकांकडे वळल्या.

"काका, खरं सांगा. भिंत हलते म्हणून तुम्ही घाबरलाय, की तुम्ही घाबरलाय म्हणून भिंत हलते?"

"मला नाही सांगता येत, मॅडम," काका म्हणाले. "तेच तर."

बाईंनी चष्मा खाली घेतला. असे उत्तर त्यांना अपेक्षित नसावे.

"मग बघून घेऊ. माणसं भरून बघायची?"

"माणसं नकोत!" काका एवढ्या जोरात बोलले की सुतार दचकला.

"बरं, बरं. माणसं नकोत. तुमच्याकडे प्लास्टरची पोती आहेत ना? ती भरा. पोती घाबरत नाहीत आणि पालकांना घेऊनही येत नाहीत. चार वाजता सगळ्यांचा फोटो आहे आत, त्याआधी मला सांगा."

कल्पना सरळ होती. भिंतीच्या माथ्यावरून मागच्या बाजूला दोरीला बांधलेला ओळंबा सोडायचा, त्याचे टोक हॉलच्या फरशीवर जिथे येईल तिथे खडूने फुली मारायची. मग आत एकेक पोते ठेवत जायचे. भिंत आत झुकली तर ओळंब्याचे टोक फुली सोडणार. त्यात भीतीचा, उंदराचा, पोछ्याचा संबंध नाही. एकाने मागे बसून टोकावर नजर ठेवायची. दुसऱ्याने पोती आत न्यायची.

"मी नेतो," सुतार म्हणाला. "तुम्ही बसा मागे. तुमचं काळीज सशाचं."

काकांना तेच हवे होते. गेले कित्येक दिवस कोणीतरी हे म्हणावे, असेच त्यांना वाटत होते. त्यांनी हो म्हणायला तोंड उघडले, आणि ते हो आलेच नाही.

"तुझं वजन किती?" त्यांनी विचारले.

"पंचाऐंशी. लग्नाआधी सत्तर होतं."

"माझं बावन्न. दुप्पट मी सांगितलं होतं. तू बस मागे."

पंचवीस किलोचे पहिले पोते खांद्यावर घेऊन काका फटीतून आत गेले. आठ पावले आत, पोते मधोमध ठेवायचे, आठ पावले बाहेर. पोते टाकून चालणार नव्हते, मुलाला झोपवावे तसे ठेवावे लागत होते. बाहेर आले की मागून सुताराचा आवाज यायचा.

"नाही हलला."

दुसरे. "नाही हलला." पाचवे. "नाही हलला, काका. तुमच्या चंद्रासारखंच होणार बघा." आठव्या पोत्यानंतर काका बाहेर येऊन खाली बसले आणि घोटभर पाणी प्यायले.  भिंत पक्की निघावी असे त्यांना वाटत होते, आणि तसे निघाले तर पुन्हा कधी कोणी आपले ऐकणार नाही, असेही वाटत होते. उद्या मुले आत जातील आणि आपण बाहेर उभे राहून मोजत बसू. दोन्हींतले काय बरे, ते ठरवण्यात वेळ घालवला तर पाय उचलणार नाहीत, हे त्यांना कळत होते. ते उठले.

बारावे. "नाही हलला." पंधरावे. या वेळी उत्तर यायला वेळ लागला. "वाऱ्यानं असेल. थांबा. नाही, फुलीवरच आहे." अठरावे. "फुलीवरच." सुताराच्या आवाजातली थट्टा संपली होती.

बाविसावे पोते काकांनी मधोमध ठेवले आणि ते सरळ उभे राहत असतानाच त्यांच्या डाव्या खांद्यावर काहीतरी पडले. वाटाण्याएवढे. मग एक पायाशी. मग दोन.

मागून आवाज आला नाही.

"अरे?" काका म्हणाले.

"काका, बाहेर या."

"किती?"

"आधी बाहेर या!"

काकांना ऐकू येत होते. फट समोर दिसत होती, आठ पावलांवर, तिच्यातून हॉलमधला पिवळा दिवा दिसत होता. पाय मात्र जमिनीत रोवल्यासारखे झाले होते.  आता खडे यायचे थांबले होते. यानंतर काय असते, ते त्यांना माहीत होते.

सुतार फटीच्या तोंडाशी धावत आला. "काका! हात द्या, मी येतो..."

"खबरदार!" काकांचा आवाज फुटला. "पाऊल टाकू नकोस आत! तुझे पंचाऐंशी आहेत!"

सुतार एक पाय वर तसाच धरून थांबला.

"मग तुम्ही या," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. "हळू या. काका, हळू."

आजवर तो शब्द काकांना कोणी उलट सांगितला नव्हता. त्यांनी मधून जायचे टाळले. मध्येच फळी सगळ्यांत जास्त दबते. कडेने जायचे, वासे जिथे पायांना जोडलेत तिथून. म्हणजे कड्याला अंग घासत, पाठ भिंतीला लावून. ज्या भिंतीला पाठ टेकवायला ते गेल्या कित्येक दिवसांत धजावले नव्हते, तिच्याच आधाराने ते एक एक पाऊल आडवे सरकत आले. डोळे उघडे होते. मिटले असते तर चर दिसला असता. फटीपाशी सुताराने त्यांचा सदरा मुठीत धरला आणि ओढून बाहेर घेतले. दोघे फरशीवर बसले. 

ओळंब्याचे टोक फुलीपासून अंगठ्याच्या रुंदीएवढे आत गेले होते. ते परत फुलीवर येईल म्हणून दोघांनी वाट पाहिली. ते आले नाही.

प्रमुख बाईंना बोलावले. त्या चवड्यांवर बसल्या आणि ओळंब्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की काकांना पुन्हा वाटले, आता चंद्राची गोष्ट निघणार.

"किती पोती?"

"बावीस," सुतार म्हणाला. "म्हणजे पंधरा मुलं. फार तर सोळा."

"आणि आपण चाळीस सोडणार होतो." बाई उठल्या. गुडघे झटकले. "दुप्पट कोणी सांगितलं होतं?"

"मी, मॅडम."

"आणि राहू दे कोण म्हणालं होतं?"

 बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. "साखळ्या आहेत का आपल्याकडे? मागून खांबांना बांधून घ्या. दोन्ही भिंती. आज आत कोणीही जायचं नाही. फोटो जिन्यावर काढू. उद्या मुलं फटीतून बघतील, बाहेरूनच. भाषण मी बदलते."

दुपारी तीन वाजेपर्यंत चार साखळ्या बाहेरून आवळून झाल्या. खांबांना बांधलेली मंगळाची दरी बघायला लेखनिक, रखवालदार, सफाईवाल्या बाई, सगळे येऊन गेले. "पोछ्याला सोडलं म्हणायचं," सफाईवाल्या बाई म्हणाल्या आणि काकांसाठी चहा ठेवून गेल्या. काकांनी तो दोन्ही हातांनी धरून प्यायला, तरी थोडा सांडला. भीती गेली नव्हती. भिंत खरोखरच हलते, हे आता सगळ्यांना ठाऊक होते, आणि त्यामुळे ती वाढली होती. आजवर निदान आपला भ्रम असेल, अशी एक पळवाट होती.

चहा संपल्यावर त्यांनी घरी फोन केला. त्यांची बायको कपड्यांना काजे-बटणे करते. शिवणयंत्राचा आवाज फोनमध्ये येत होता, तो थांबला.

"मग मी उद्या येऊ की नको?" सगळे ऐकून तिने विचारले.

"ये. बाहेरून बघ."

"आणि तुम्ही? तुम्हीही बाहेरच ना?"

काकांनी रिकामा पेला बाकावर ठेवला.

"अहो, मी काय विचारतेय?"

"पोती आत आहेत," काका म्हणाले. "ती राहिली तर जमीन दबलेलीच राहणार. ती काढल्याशिवाय वेल्डरला पाय जाड करता येत नाहीत."

"मग दुसरं कोणी काढेल. तो सुतार आहे ना धडधाकट?"

"धडधाकट आहे, म्हणूनच नको."

 "मग सकाळी काहीतरी खाऊन जा. रिकाम्या पोटी हात जास्त थरथरतात तुमचे." आणि यंत्र पुन्हा सुरू झाले.

संग्रहालय उद्या नेहमीप्रमाणे दहा वाजता उघडेल. दरीच्या तोंडाशी दोर असेल. त्याआधी, आठ वाजता, वेल्डर साखळ्या तपासेल, सुतार ओळंब्यापाशी बसेल आणि हळूकाका पहिले पोते बाहेर काढायला आत जातील.